नीवेसचं वजन

"हलू नकोस. श्वाससुद्धा बेताने घे," गाडीखालून एर्मेसचा आवाज आला.

नीवेस हलली नाही. गॅरेजमधल्या लाल अल्फा गाडीत, चालकाच्या शेजारच्या सीटवर ती पर्स मांडीवर घेऊन बसली होती. चालकाच्या जागी नवऱ्याचा, म्हणजे एर्मेसचा, मित्र लेआर्को होता, कारण त्याचं अंग साधारण एर्मेसएवढंच. गाडी खाली बसावी म्हणून आदल्या दिवशी दोघांनी मिळून तिच्या स्प्रिंगांचा एकेक वेढा ग्राइंडरने कापून टाकला होता. आता दोन माणसं बसल्यावर गाडी जमिनीपासून किती वर राहते, ते एर्मेस पट्टी लावून बघत होता.

"उजवीकडे जास्त दबतेय. नीवेस, वजन किती गं तुझं?"

"कशाला?"

"हिशेब नको का करायला?"

"सहासष्ट."

"ते ऑपरेशनच्या आधीचं. आत्ताचं सांग."

"पंचाहत्तर धर रे," लेआर्को म्हणाला. "बायकांच्या आकड्यात जरा भर घालावीच लागते."

गाडीखालून खोकल्यासारखं हसू आलं. नीवेस समोरच्या भिंतीवर लटकवलेल्या पान्यांकडे बघत राहिली.

तिचा जन्म फाएन्झाच्या इस्पितळातल्या धुलाईखान्यात गेला होता. रक्ताच्या, पुवाच्या, नको त्या गोष्टींच्या चादरी तिने उचलल्या आणि हात धुऊन त्याच हातांनी डबा खाल्ला. तिला कधी किळस आली नाही. आजारी माणसाची घाण, त्यात त्याचा काय दोष? पण हल्ली जेवताना एर्मेसची काळी नखं पावावर दिसली की ती आपलं ताट बाजूला सारायची. परवा त्याने सगळ्या स्प्रिंगा न्हाणीघरातल्या टबात धुतल्या होत्या. टबाला बसलेलं काळं कडं तिने दोनदा घासलं, तरी निघालं नाही. त्या रात्री ती आंघोळ न करताच झोपली.

खरं तर ही गाडी दोघांची. लग्नाच्या वर्षी घेतली, तेव्हा ती नुसती गाडी होती. तिच्यातून पीचच्या पेट्या गेल्या, शिडी गेली, ओला कुत्रा गेला. एका हिवाळ्यात बर्फाने बस बंद पडल्या तेव्हा नीवेस एकटीच चाकांना साखळ्या बांधून कामावर गेली होती. मग साखर कारखाना बंद झाला, एर्मेस घरी बसला, जुन्या गाड्यांच्या मंडळात जायला लागला आणि गाडीची एकदम मूर्ती झाली. आत खायचं नाही. काचेला बोट लावायचं नाही. आणि यंदा मंडळातल्या सगळ्यांच्या गाड्या खाली बसवून झाल्या, तशी लेआर्कोने काडी टाकली, "तुझी अजून शेळीसारखी उंच तंगड्यांवर उभी आहे, लेका!"

"झालं," एर्मेस खालून सरपटत बाहेर आला. "उतरा."

लेआर्को कण्हत, पण उतरला. नीवेसने पाय बाहेर टाकला आणि तिथेच अडकली. मागच्या शरद ऋतूत तिच्या खुब्याचा सांधा बदलला होता. खाली बसायचं नाही, गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा एर्मेस शेजारीच उभा होता, मान डोलावत होता. आता सीट जवळजवळ जमिनीला टेकलेली. तिने उघड्या दारावर हात टाकून अंग वर ओढलं.

"दारावर भार नको!" एर्मेस ओरडला. "बिजागरी लोंबेल ना!"

तिचा हात आपोआप सुटला. ती परत सीटवर आदळली. मग तिने पर्स जमिनीवर ठेवली, दोन्ही तळवे फरशीवर टेकले आणि रांगत, एक गुडघा ओढत बाहेर आली. एक तळवा तेलात पडला. लेआर्को हात द्यायला पुढे झाला, पण तिने मान हलवली. एर्मेस दाराची बिजागरी बघत होता.

ती भिंत धरून उठली, नळावर गेली आणि हात धूत राहिली. वास जाईना. तेलाचा वास तिला माहीत होता, आवडायचाही एके काळी. शिसारी तेलाची नव्हती.

रविवारी मंडळाची फेरी होती, डोंगरातल्या ब्रिझिगेल्लापर्यंत. दर जुलैत दोघं जात.

"आवरलंस का?" एर्मेसने विचारलं. त्याने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. इस्त्री तिनेच केलेली.

"मी येत नाही."

"अगं, असं कसं? गाडी एका बाजूला कलते तू नसलीस की."

नीवेसने त्याच्याकडे बघितलं. तो थट्टा करत नव्हता. "मग वाळूची पोती ने," ती म्हणाली.

तिने हे रागाने म्हटलं होतं. पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिने बघितलं, एर्मेस खरोखरच पोती आणत होता. त्याने ती तिच्या सीटवर रचली, खाली जुना टॉवेल घातला, वरून पट्टा आवळला. मग दोन पावलं मागे जाऊन गाडी सरळ दिसते का ते बघितलं, आणि समाधानाने मान हलवली. नीवेसला सिंकपाशी ओकारी आली. नुसतं आंबट पाणी.

दुपारी फोन वाजला.

"नीवेस, स्पीडब्रेकरला घासून खालचा तेलाचा चेंबर फुटला गं. सगळं तेल रस्त्यावर. चर्चसमोरच." आवाज बारीक झाला होता.

"लेआर्को?"

"ते सगळे पुढे गेले. जेवणाची वेळ सांगितलेली ना. तू आपली ती छोटी पांडा गाडी घेऊन ये. दोर आण."

ती गेली. एर्मेस तेलावर भुसा पसरत होता. शर्ट पोटापाशी काळा झालेला. चर्चमधून निघालेली माणसं वळसा घालून जात होती आणि त्याला शिव्या देत होती. त्याने मान वर केली नाही.

"मी पांडा चालवतो," तो म्हणाला. "तू नुसतं स्टिअरिंग धर हिचं."

"मी तिच्यात बसणार नाही."

"आत्ता भांडायचं आहे का तुला?"

"भांडत नाही. तिच्यात बसणार नाही. आजही नाही, नंतरही नाही."

 त्याने दोन्ही गाड्यांना दोर बांधला आणि आपल्या गाडीत जाऊन बसला.

नीवेस पांडा चालवत हळूहळू डोंगर उतरू लागली. बाहेर ऊन रणरणत होतं. आरशात ती लाल गाडी कुत्र्यासारखी मागे येत होती, आणि काचेच्या तळाशी एर्मेसचं टक्कल तेवढं दिसत होतं. गावाबाहेर झाडाखाली एक बाई पीच विकत बसली होती. नीवेसने ब्रेक लावला. दोर सैल पडला.

"काय झालं?" मागून हाक आली.

ती दार उघडून उतरली. बाईने निवडून दिलेलं एक पीच तिने हातात फिरवून बघितलं, रुमालाने पुसलं, आणि तिथेच सावलीत उभ्या उभ्या खाल्लं. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, तो ओघळू दिला. बी झाडाच्या बुंध्याशी टाकली.

"आणखी देऊ?" बाईने विचारलं.

"द्या."

एर्मेस उन्हात बसून होता. त्याने हॉर्न वाजवला नाही. नीवेसने दुसरं पीच पुसायला घेतलं.