मध्ये पडायचं नाही

माझा धाकटा भाऊ लहान मुलांच्या जोरावर अध्यात्म शिकवतो. मुलांना नाही हं, त्यांच्या वाटेला तो जात नाही. मोठ्यांना शिकवतो. मूल राग धरत नाही, मूल कालचं ओझं वाहत नाही, मुलाला तुझं-माझं ठाऊक नसतं. मी पाळणाघर चालवते. एका लाल बादलीपायी दोन जीव एकमेकांच्या झिंज्या उपटताना मी रोज बघते. म्हणे तुझं-माझं ठाऊक नसतं! पण भाऊ बोलायला लागला की भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्याही आलं होतं एकदा, जांभई दाबताना.

त्याची मुलगी चार वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. त्याचं प्रत्येक प्रवचन तिच्यापासून सुरू होतं. "काल माझी लेक मला म्हणाली..." अरे, कधी म्हणाली? दिवसभर ती माझ्याकडे, आणि ती घरी पोचते तेव्हा याचं मौन सुरू झालेलं असतं. पण तिच्याशिवाय याचं दुकान चालायचं नाही, हे मात्र खरं.

तर झालं काय, माझ्या भावजयीची वर्षभरासाठी दुसऱ्या गावी बदली झाली. ती भिंगरीला बरोबर न्यायला निघाली आणि हा आडवा आला. लेक माझ्याजवळ राहील, मी सांभाळीन, अगदी छातीठोकपणे. भावजय बिचारी कात्रीत सापडली. नवं गाव, नवं काम, वर पोरीची धावपळ. आणि इथे बाप स्वतःहून हात पुढे करतोय. ती माझ्याकडे आली.

"ताई, तो एक दुपार तरी एकट्याने तिला सांभाळू शकतो का, एवढंच बघा. तुम्ही नाही म्हणालात तर मी तिला घेऊन जाते."

म्हटलं, बघू या. रविवारी पाळणाघर बंद असतं, तेव्हा भावाला लेकीला घेऊन बोलावलं. बाप आणि लेक खेळायच्या खोलीत, मी शेजारी चादरींच्या घड्या घालत, असा बेत होता. हा आला तो मागे दहा-बारा साधकांची वरात घेऊन.

"हे रे काय?"

"ताई, मूल अनायासे दुपारभर मोकळं मिळतंय. म्हटलं, प्रात्यक्षिकच ठेवू."

माझ्या इवल्या इवल्या खुर्च्यांवर मंडळी गुडघे हनुवटीला टेकवून बसली. त्यात एक दातांचे डॉक्टर होते, एक निवृत्त मुख्याध्यापिका, विमा कंपनीतले एक साहेब. सगळी शिकलीसवरली, चांगल्या घरची. भावाने नियम सांगितला. "फक्त बघायचं. मध्ये पडायचं नाही. आपण मध्ये पडतो आणि मुलातला देव दिसायचा राहून जातो." मला हसू आवरेना, म्हणून मी चादरींकडे गेले.

भिंतीपलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. पाळणाघरात शांतता म्हणजे काहीतरी शिजतंय, हे मी झोपेतही सांगेन. पण म्हटलं, बाप बसलाय, एवढी माणसं बसलीयेत. मग कुणीतरी "अहाहा" केलं. पाठोपाठ भावाचा आवाज आला, "बघा, कुतूहल! अमुक वस्तू अमुक जागीच असावी हे बंधनच तिच्या मनाला नाही." मी कान टवकारले. तेवढ्यात भिंगरीचा विचित्र सूं-सूं आवाज आला आणि मी हातातली चादर टाकून धावले.

ओवायचे मणी फरशीभर सांडलेले, मध्ये भिंगरी. डोळे डबडबलेले, एक नाकपुडी टम्म फुगलेली.

"नाकात मणी गेलाय," डॉक्टर मांडीवर हात ठेवून शांतपणे म्हणाले.

"कधी?"

"झाला थोडा वेळ. आता दुसऱ्या नाकपुडीचा प्रयत्न चाललाय."

"अहो, तुम्ही डॉक्टर ना?"

"हो, पण दातांचा. शिवाय नियम होता."

मी कपाळावर हात मारला. भाऊ डोळे अर्धवट मिटून म्हणाला, "ताई, थांब. ती घाबरलेली नाही. ती अनुभव घेतेय."

"तो अनुभव तुझ्या नाकात घाल आधी!"

मी पोरीला मांडीवर ओढलं, मोकळी नाकपुडी दाबली आणि तिला म्हटलं, तोंड मीट आणि शिंकर जोरात. एकदा शिंकरली, काही नाही. दुसऱ्यांदा मणी सुटला तो थेट विम्याच्या साहेबांच्या मांडीवर. त्यांनी तो कपाळाला लावला आणि रुमालात बांधून खिशात ठेवला. देवाशप्पथ सांगते, शेंबडासकट!

मग भिंगरीने भोकाड पसरलं. नेमकी तेव्हाच भावजय दारात. ती काही विचारायच्या आतच लेकीने माझ्या खांद्यावरून सांगून टाकलं, "नाकात मणी गेला. बाबांनी काढला नाही. बाबा बघत बसले."

भावजयीने माझ्याकडे पाहिलं.

"मिळालं मला उत्तर," ती म्हणाली. "आम्ही दोघी जाणार."

भाऊ आधी प्रवचनाच्याच आवाजात म्हणाला, "हे बघ, आसक्तीतून निर्णय घेऊ नकोस."

"आसक्तीच आहे. तिच्या नाकाची!"

आणि मग तो फुटला. "माझी आहे ती! मी नाही देणार! नाही म्हणजे नाही!" पाय आपटले, खेळण्यांच्या टोपलीला लाथ मारली आणि फरशीवर बसकण मारून ढसाढसा रडायला लागला. दिखाऊ रडं कुठलं आणि खरं कुठलं, हे मला लगेच कळतं, माझा धंदाच तो. हे खरं होतं. कितीही झालं तरी पाठचा भाऊ, मी पोरीला घेऊनच त्याच्याकडे निघाले.

साधकांपैकी एकही जण जागचा हलला नाही. मुख्याध्यापिका बाई गहिवरून पुटपुटल्या, "साधलं हो त्यांना! मूलच झाले!" सगळ्यांनी हात जोडले.

भिंगरी माझ्या कडेवरून घसरत उतरली. आपली पाण्याची बाटली घेतली, झाकण काढलं आणि त्याच्यापुढे धरली. "आधी पाणी प्या. मग सांगा." माझ्याकडे रडणाऱ्याला असंच करतात, घोटभर पाणी पोटात जाईपर्यंत काही विचारायचं नाही. तो प्यायला. निम्मं अंगावर सांडलं. ती झाकण हातात घेऊन उभी राहिली.

"आता सांगा."

तासन्‌तास बोलणारा माझा भाऊ, त्याने एवढंच विचारलं, "तिकडे गेल्यावर मला विसरणार नाहीस ना?"

तिने खरंच विचार केला. कपाळाला आठी घालून, अगदी मनापासून.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"वा!" विम्याचे साहेब मागून पुटपुटले. "काय वैराग्य!"

"गप्प बसा हो," माझा भाऊ म्हणाला.