हळदीच्या डबीचं देऊळ

‘मंडळी, आता उजवीकडे बघा. घाई नको. नदी कुठं पळून जात नाही. म्हणजे पळतेच, पण रोज पळते.’

नवऱ्याचा हा आवाज स्मिताताईंनी बसमध्ये कधीच ऐकला नव्हता. ऐकला तो कऱ्हाडच्या स्वयंपाकघरात, कणीक मळता मळता. दिलीपराव पुण्याच्या एका कंपनीच्या सहली घेऊन जगभर हिंडायचे. परत आले की बॅग उघडण्याआधी जेवणाच्या टेबलावर पाहिलेलं गाव मांडून दाखवायचे. सगळ्यांत जास्त वेळा मांडलं ते रशियातलं निझनी नोव्हगोरोद. लाटणं म्हणजे वोल्गा. उलथणं म्हणजे तिला येऊन मिळणारी ओका. दोघींच्या टोकाशी हळदीची डबी, ते संगमावरचं पिवळं देऊळ. पलीकडे उंचावर कुकर, तो लाल विटांचा किल्ला. किल्ल्यापासून नदीपर्यंत पायऱ्या उतरतात, एकाखाली एक दोन गोल घेत. त्यासाठी ते बायकोच्या हातातल्या दोन बांगड्या मागून घ्यायचे.

“उतरताना सगळे हसत असतात,” ते सांगायचे, “चढताना कुणी कुणाला ओळख देत नाही.”

कृष्णा-कोयनेच्या गावाला संगमाचं काय अप्रूप. तरी स्मिताताईंनी त्या परक्या नद्यांवर एक ओवी जुळवली होती, आणि पोळ्या लाटताना ती आपोआप ओठांवर यायची:

दोन नद्या आल्या बाई, दोन गं दिशांहून
एकीला दुसरी म्हणे, जाऊ गं हात धरून

ओवी झाली, गाव पाठ झालं, जायचं मात्र राहिलं. कधी सासूबाईंचं आजारपण, कधी बसमध्ये जागा नाही. “शेवटची सहल तुझी,” असं दिलीपराव म्हणत. निवृत्तीला थोडे महिने उरले असताना ते गेले. घरातच, कपातला चहा निवत असताना. सिंगापूरहून निघालेली लेक पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. अनघाला बाबा दिसले नाहीत ते नाहीतच. वर्षश्राद्ध झालं आणि तिनं आईला सिंगापुरात, पुंगोलला आपल्या फ्लॅटवर आणलं.

इथं आल्यावर डोळ्यांचं निघालं. उजवा आधीच अधू होता. पडद्याचा मधला भाग झिजतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. कडेकडेचं दिसत राहतं, समोरचं जातं. डावा अजून चांगला होता. त्यांनी चौकटी आखलेला एक कागद दिला आणि रोज सकाळी उजवा डोळा झाकून तो बघायला सांगितला. रेषा वाकड्या दिसल्या तर त्याच दिवशी या, उशीर करू नका, असंही बजावलं. कागद फ्रिजवर लागला. अनघा बँकेत जायच्या घाईत बूट घालता घालता विचारायची, “आई, रेषा?” आतून उत्तर यायचं, “सरळ.”

डोळे आहेत तोवर आईला बाबांचं गाव दाखवायचं, हे अनघानं दवाखान्यातून परतताना एमआरटीच्या गाडीतच ठरवलं. संक्रांतीला जूनची तिकिटं काढली, दोन विमानं बदलून जायचं. रजेसाठी साहेबांशी भांडली. ही सहल ती आपल्यासाठी कमी आणि बाबांसाठी जास्त आखते आहे, हे स्मिताताईंना कळत होतं. शेवटची भेट चुकलेल्या लेकीला त्यांची पावलं उमटलेल्या जागी एकदा उभं राहायचं होतं.

पाडव्यानंतर काही दिवसांनी फ्रिजवरच्या रेषा वाकल्या. दोरीवर ओलं, जड धोतर वाळत घालावं तशा मधोमध झुकल्या. स्मिताताई बराच वेळ कागदासमोर उभ्या राहिल्या. बाहेरच्या खोलीतून रोजचा प्रश्न आला. आता सांगितलं तर दवाखाना, डोळ्यात सुया, आणि तिकिटं रद्द. लेकीची ही भेटसुद्धा हुकणार, आणि ती आपल्यापायी.

“सरळ,” त्या म्हणाल्या.

मग वाकलेल्या रेषा पुसल्याच गेल्या. ओलं फडकं फिरवलेल्या पाटीसारखा एक करडा डाग नजरेच्या मधोमध बसला. जिकडे बघावं तिकडे तो आधी पोचायचा. स्मिताताईंनी तिरकं बघायची सवय लावून घेतली. लिफ्टमध्ये बटणांवरचे उंचवटे बोटांनी चाचपायच्या, एकदा शेजारच्या चिनी आजी हसून म्हणाल्या, “आंटी, ऑलरेडी प्रेस्ड लाह.” बटण आधीच दाबलेलं होतं. चहाचं आधण आवाजावरून ओळखता येत होतं. फोडणीचं मोहरी सांगायची. संध्याकाळी वॉटरवेच्या, म्हणजे जवळच्या कालव्याच्या, काठानं फिरताना कठड्यावर हात ठेवला की झालं. माणसं तेवढी अवघड जात. खांदे, केस, चालणं दिसे. मधे चेहऱ्याच्या जागी डाग.

आणि रोज जेवणानंतर सहलीची उजळणी. अनघा त्या शहराचे फोटो टीव्हीवर लावायची. लावायची तेही बाबांच्या क्रमानं, कारण तोच क्रम तिच्याही कानात होता. म्हणून स्मिताताईंचं निभावलं. लाल रंगाचा पट्टा दिसला की त्या किल्ल्याचं सांगत. पांढरट उतार आला की पायऱ्यांचं. नदीवरून तारेवर पैलतीराला जाणाऱ्या पाळण्यांचं, मोठ्या रस्त्यावरच्या धातूच्या शेळीचंही त्या सांगत. तिच्यापाशी उभं राहून लोक फोटो काढून घेतात म्हणे.

“त्यासाठी रशियाला कशाला जायचं?” जावई सारंग म्हणाला. “आमच्या घरात मी आहे की.”

“तुम्ही चरता फार, सारंगराव,” स्मिताताई म्हणाल्या, आणि अनघा खूप दिवसांनी पोटभर हसली. ते हसू ऐकताना त्यांना वाटलं, आपण केलं ते बरोबरच केलं. जूनपर्यंत एवढं रेटायचं.

मे महिन्यातल्या एका शनिवारी फोटो सुरू झाले. किल्ला झाला, पायऱ्या झाल्या. पुढचा लावायला अनघाला नेहमीपेक्षा जरा वेळ लागला. सारंगही हातातला मोबाइल बाजूला ठेवून बसल्याचं जाणवलं. स्मिताताईंनी मान किंचित वळवली, नजरेच्या कडेनं पडदा पकडला. पिवळा रंग होता. मोठा, उभा, हळदीसारखा. पायऱ्यांनंतर तोच यायचा.

“आलं बघ,” त्या म्हणाल्या. “संगमावरचं देऊळ. हे म्हणायचे, ऊन पडलं की हळद उधळल्यासारखं दिसतं. तसंच आहे गं, अगदी तसंच.”

 खालून एलआरटीच्या छोट्या गाडीचा डबा सरकत गेला, त्याची घरघर संपली.

“आई,” सारंग हळूच म्हणाला, “हे बाबा आहेत.”

सांगलीच्या एका बाईंनी तो फोटो शोधून पाठवला होता, त्यांच्या सहलीतला. आईला चकित करायचं म्हणून अनघानं तो जपून ठेवला होता. नदीकाठच्या कठड्याला टेकून दिलीपराव उभे होते. अंगात कंपनीचं पिवळं जाकीट, हात उजवीकडे केलेला, तोंड बोलता बोलता उघडं राहिलेलं. सारंगनं हे सगळं थांबत थांबत सांगितलं.

चष्मा पुसायला हवा, असं म्हणावं म्हणून स्मिताताईंनी तो काढला, आणि तसाच मांडीवर ठेवला. 

अनघा उठून आली आणि आईच्या पायांशी जमिनीवर बसली. आईचे दोन्ही हात तिनं हातात घेतले. “माझ्याकडे बघ,” ती म्हणाली. स्मिताताईंनी सवयीनं मान वळवली, तिला कडेनं पकडायला. एक कान दिसला, कानातलं बारीक कुडं, खांद्यावर आलेली बट. आई आपल्याकडे बघण्यासाठी दुसरीकडे बघते आहे, हे अनघाच्या तेव्हा लक्षात आलं. 

“किती दिवस?” तिनं विचारलं.

स्मिताताईंनी हात सोडवून घेतला. अंदाजानं वर नेला, लेकीच्या कपाळावर टेकवला, तिथून भुवयांवर, ओल्या गालावर उतरवला. उतरणीवरून चालावं तसा, सावकाश.

“रेषा केव्हाच वाकल्या, अनू. मी खोटं सांगत होते. उद्या दवाखान्यात ने मला. डॉक्टर जा म्हणाले तर जाऊ, तू हात धर आणि ह्यांच्यासारखं बोलत राहा. नको म्हणाले तर टेबलावर मांडू. त्या गावाला माझे डोळे लागत नाहीत गं, ते मला पाठ आहे.”

बोटं हनुवटीपाशी येऊन थांबली.

“तुझा चेहरा मात्र मी पाडव्याला शेवटचा पाहिला.”