देल्फिनाला परवानगी नाही

बारा वाजायला आले होते आणि संगणक पुन्हा पुन्हा तेच सांगत होता: हा प्रोग्रॅम उघडायची तुम्हाला परवानगी नाही.

"आता गं बाई!" देल्फिना चरफडली. कालपर्यंत सुरळीत चाललेला प्रोग्रॅम नेमका तिच्या पहिल्याच दिवशी रुसावा? पाणी कुठंतरी नक्की मुरत होतं.

खाणीच्या गावातलं हे रेडिओ केंद्र. डोंगरावरच्या वस्त्यांत फोन लागत नाही, म्हणून बाराला लोक हातचं काम टाकून निरोप ऐकतात. कोण वारलं, कोण बाळंत झाली, कुणाचं लामा जनावर हरवलं. संचालिका कासिल्डाबाईंनी बजावलं होतं, आज निरोप गेले नाहीत तर सोमवारपासून तिच्या खुर्चीत फाउस्तोकाकांचा भाचा बसेल.

आणि फाउस्तोकाका, इथले जुने निवेदक, तरतरीसाठी चघळायची कोकाची पानं गालात कोंबून खिडकीबाहेर बघत होते. संगणकाचे धर्मपिता तेच. इथं तान्हं मूल असो की नवा ट्रक, धर्मपिता लागतोच. काकांनी संगणकावर शकुनाची दारू शिंपडली, रंगीत फिती गुंडाळल्या आणि मान म्हणून मालकाचं खातंही त्यांच्याच नावानं उघडलं गेलं. निरोप हवेत सोडणारा प्रोग्रॅम त्याच खात्यात बसवलेला. देल्फिनाला आज स्वतःचं खातं मिळालं होतं, पण नुसतं नावाला.

"काका, मालकाचा पासवर्ड मागतोय."

"मागू दे की! मी काय कुलूप घातलंय?"

"मग टाका ना."

"टाकतो. तू तोंड फिरव तिकडं."

तोंड फिरव? चोराच्या मनात चांदणं! ती भिंतीकडं बघत कळांचा आवाज ऐकत राहिली. चुकला. पुन्हा चुकला. तिनं मान वळवली, तर काकांची बोटं अक्षरं शोधत होती आणि कान लाल झाले होते.

"आणखी एकदा चुकलात तर यंत्र अर्धा तास उघडायचं नाही. मला सांगा, मी टाकते."

"नको."

"भाच्याचं घोडं पुढं दामटायचंय ना? सरळ सांगा की!"

"तोंड सांभाळ, पोरी."

"बरं. पण बाराला रेडिओ मुका राहिला तर डोंगरावर माझं नाव कोण घेणार? मला ओळखतंय कोण? म्हणतील, फाउस्तोच्या धर्मलेकरानं ऐन वेळी तोंड मिटलं."

काकांचं चघळणं थांबलं.

"लिही. सगळं जोडून. देल्फिना..."

तिची बोटं कळांवर अडली.

"...चालती हो."

संशय खरा ठरला की बरं वाटेल, असं तिला वाटलं होतं. कसलं बरं? पण रडायला वेळ कुणाला होता? तिनं एकेक अक्षर दाबलं, आधी स्वतःचंच नाव. कुलूप उघडलं. पडद्यावर परवानग्यांच्या यादीत एकटे फाउस्तो बसले होते. त्यांच्याखाली तिनं 'सर्व वापरणारे' जोडलं, स्वतःच्या खात्यात शिरली, आणि प्रोग्रॅम मुकाट्यानं उघडला.

"वरच्या वस्तीच्या सातुर्निनाबाई, तुमची लेक बाळंत झाली, दोघी सुखरूप आहेत." माइकवर तिचा आवाज जराही हलला नाही.

गाणं लागल्यावर काकांनी घसा खाकरला. "तो पासवर्ड... बदलून टाक, पोरी."

"छे, असू दे की! लागो न लागो, रोज सकाळी मी मोठ्यानं म्हणत टाकीन. तुम्ही फक्त ऐकायचं."