गुरुनाथबाबांचं थंडगार तीर्थ

दर रविवारी दुपारी सत्संगाला, अमेरिकेतल्या कॅरी गावात, बाबांचा पट्टशिष्य शैलेंद्र याच्या बेसमेंटमध्ये चपला ठेवायला जागा उरायची नाही. पुण्या-नागपूरची ही मंडळी सगळी आयटीतली, नाहीतर औषध कंपन्यांतली. प्रोग्रॅम अडला तर कारण सापडेपर्यंत जेवायची नाहीत. इथे मात्र कारण विचारणं हेच पाप!

गुरुनाथबाबा बर्फाच्या पेटीतून इवलीशी बाटली काढत. "डोळा म्हणजे आत्म्याचा मॉनिटर! पापणी म्हणजे फायरवॉल! हे हिमालयातलं तीर्थ. रोज रात्री एक थेंब, व्हायरस शिरायची बिशाद नाही!"

माझी बायको रीमा रोज थेंब घालू लागली आणि चमत्कार खरोखरच झाला. तिच्या पापण्या वाढून चष्म्याच्या काचांना टेकल्या. पुढे काही महिन्यांत तिचे घारे डोळे तपकिरी होऊ लागले. "लागलेली नजर उतरतेय," बाबा म्हणाले. बेसमेंटभर जयजयकार!

माझी आई तेव्हा आमच्याकडेच होती. तिला काचबिंदू, म्हणून रोजचं औषध. बाबांनी तिला बाजूला घेतलं. "माउली, औषध म्हणजे अविश्वास. बाटल्या चरणी वाहा." तिने वाहिल्या, वर पुढे आणलेले रिफिलही वाहिले. बदल्यात तिलाही तीर्थ मिळालं. मला पत्ताच नाही.

मग एके दिवशी आई दाराच्या चौकटीवर आपटली. डाव्या बाजूचं तिला दिसलंच नव्हतं. मी आणि रीमा तिला निधीकडे घेऊन गेलो. निधी आमच्या मित्राची मुलगी, इथेच जन्मलेली, डोळ्यांची डॉक्टर.

"आजी, प्रेशर खूप हाय आहे. ड्रॉप्स घालता ना?"

आईने मान खाली घातली. "बाबांना वाहिले गं."

निधीची नजर रीमाच्या लांब पापण्यांवर गेली. "मावशी, तुम्हीपण ग्लॉकोमाचे, म्हणजे काचबिंदूचे ड्रॉप्स घालता का?"

"छे! मी तर तीर्थ घालते."

"ओह गॉड," निधी म्हणाली.

पुढच्या रविवारी ती आमच्याबरोबर बेसमेंटमध्ये आली. "बाबा, आजींची बाटली मावशींना द्या, मावशींची आजींना. तीर्थ सेमच आहे ना?"

"ज्याचं त्याचं तीर्थ कर्मानुसार!" बाबा गरजले.

निधीने सरळ पेटी उघडली. आत औषधाच्या निळसर-हिरव्या झाकणांच्या बाटल्या होत्या. लेबलं खरवडलेली, पण एकीवर आईचं नाव, 'प्रतिमा', अजून वाचता येत होतं. आईने आपलं तीर्थ हुंगलं. "अरे, हे तर गुलाबपाणी!"

"शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन असतं," निधी म्हणाली. "हे औषध म्हणजे त्याची लॅबमध्ये केलेली नक्कल. डोळ्याच्या आतलं पाणी नीट वाहून जातं, प्रेशर उतरतं. पापण्या वाढणं, बुबुळ गडद होणं हे साइड इफेक्ट्स. हिमालय वगैरे काही नाही, न उघडलेली बाटली फ्रिजमध्येच ठेवायची असते."

म्हणजे म्हाताऱ्यांचं औषध तरुणांच्या पापण्यांना आणि म्हाताऱ्यांना गुलाबपाणी! बाबांना तेवढ्यात मौनव्रत आठवलं. तेही पार्किंगपर्यंतच टिकलं. तिथे ते पेटीला कुलूप का लावलं नाही म्हणून शैलेंद्रवर ओरडत होते.

आईचं प्रेशर आता आटोक्यात आहे. डाव्या बाजूची गेलेली नजर मात्र परत येणार नाही. ती जेवायला बसली की रीमा पाण्याचा पेला तिच्या उजव्या हाताशी ठेवते.

देव मानायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण कुणी चमत्कार दाखवला तर बाटलीत काय आहे ते विचारा. आणि चालू औषध कुणाच्या चरणी वाहण्याआधी डॉक्टरला एक फोन करा. फोन करून कुणाची भक्ती बाटत नाही.