रांगणारी

बत्तीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त केल्या. वस्तू बंद पडली की झाकण काढायचं आणि आत हात घालायचा, एवढंच मला येतं. त्यामुळे बायको हॉस्पिटलात गेल्यावर पाचव्या दिवशी मी तिच्या फिश टँकमध्ये हात घातला, यात नवल काही नाही. पाच दिवस मी थांबलो कसा, याचंच नवल.

तिला झटका आला होता. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. नर्सने उशी वाकडी ठेवली की ही डोळे वटारायची. पण तोंडातून शब्द नाही. माझ्या चपला कुठे असाव्यात यावर अर्धा तास बोलणारी बाई, ती नुसती छताकडे बघत पडलेली. बोलणं शिकवणाऱ्या मॅडम रोज येऊन कप, खुर्ची, घड्याळ अशी चित्रं दाखवायच्या. ही तोंड फिरवायची. चौथ्या दिवशी मॅडमनी मला बाहेर बोलावलं.

"घरी त्यांच्या अगदी जिव्हाळ्याचं असं काही आहे का? सोडल्यावर त्यांना रोज त्याच्यासमोर बसवा. कधीकधी तिथूनच शब्द सुटतो. खात्री नाही देत मी, पण बघा."

जिव्हाळ्याचा म्हणजे तो टँक. त्यातही मासे नव्हेत. मासे हिच्या मते नुसते भाडेकरू. तिचा जीव होता मधल्या पट्ट्यातल्या झाडावर. पुढे वाळू, मागे उंच झाडं आणि मधे ही बोटभर उंचीची, जाडसर हिरव्या पानांची वनस्पती. दुकानात तिला काहीतरी लांबलचक नाव आहे, आमच्या घरात ती 'रांगणारी'. शेंडा कापला की वर जायचं सोडून आडवी पसरते. कापलेला शेंडा चिमट्याने वाळूत खोचला की त्याचं नवं रोप होतं. सहा काड्यांवरून हिने चार वर्षांत पट्टाभर गादी केली होती. मला त्याला बोट लावायची परवानगी नव्हती. मासे तेवढे माझ्याकडे, तेही मोजून दोन चिमटी दाणे.

मॅडमचं ऐकून घरी आलो तर काच थोडी मळकट दिसली. म्हटलं, हिच्यासाठी चकाचक करू. मासे बादलीत ठेवून सगळं पाणी काढलं, वाळू नळाखाली चकचकीत होईपर्यंत धुतली, रांगणारी उपटून परत लावली आणि दिवा सकाळपासून झोपेपर्यंत चालू ठेवला. उजेड जास्त तर वाढ जास्त, असा माझा हिशोब. आठवड्याभरात पाणी हिरवं झालं आणि पानं उकडल्यासारखी लिबलिबीत. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

बायको रोपं आणायची त्या दुकानात गेलो. दुकानवाल्या बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"काकूंचा टँक तुम्ही धुतलात?"

"स्वच्छ केला."

"त्यालाच धुणं म्हणतात, काका." त्यांनी मला नवी रोपं दिली. "ही हवेत वाढवलेली आहेत. पाण्यात गेल्यावर जुनी पानं सडणार. घाबरायचं नाही, उपटायचं नाही. खाली मूळ धरलं की पाण्यातली नवी पानं येतात. दिवा आठच तास. महिनाभर हात खिशात ठेवा."

ही घरी यायच्या आत महिना माझ्याकडे होता कुठे? आणि हात खिशात ठेवायला मी काय फोटो काढून घेतोय? चौथ्या दिवशी पानं पिवळी पडली, सहाव्या दिवशी गळायला लागली. मी ती सगळी उपटून फेकली आणि दुसरी आणली. तीही पिवळी पडली. मग मी रोज सकाळी एखादी काडी हळूच वर काढून मूळ आलं का बघायचो. नसायचं. परत खोचायचो, ती संध्याकाळपर्यंत तरंगत वर यायची. हॉस्पिटलात बसलो की टँक डोळ्यांसमोर, टँकपाशी बसलो की हॉस्पिटल. मुलगी म्हणाली, "बाबा, दोन मिनिटं एका जागी बसा, मला गरगरायला होतंय." मी उभ्या उभ्याच जेवत होतो. तिसऱ्यांदा दुकानात गेलो तेव्हा बाईंनी रोपं द्यायलाच नकार दिला.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! त्या पहिल्या काड्या राहू दिल्या असत्यात तर एव्हाना रुजल्या असत्या."

हे ऐकल्यावर मला रडूच यायला लागलं. त्यांना वाटलं रोपांसाठी. मला भीती होती ती वेगळीच. ही पुन्हा माझ्यावर कधी ओरडलीच नाही तर काय करायचं, या विचाराने मी तीन आठवडे धड झोपलो नव्हतो.

गुरुवारी मुलगी तिला घरी घेऊन आली. चाकाची खुर्ची टँकसमोर लावली. मी ती दोन बोटं डावीकडे सरकवली, मग परत उजवीकडे. पडदा उघडला, चमक आली म्हणून अर्धा ओढला. ही टँककडे बघत होती. आत उरल्या होत्या सात काड्या, त्यातल्या दोन तिरक्या, आणि पुढच्या काचेला लागून, उपटायचा राहून गेलेला एक काळवंडलेला झुबका.

"जरा विरळ झालीय," मी म्हणालो. "पण वाढेल. पाणी बदललं ना, म्हणून. म्हणजे मीच बदललं."

तिच्या चेहऱ्यावर राग नाही, दुःख नाही. पाच मिनिटं गेली. मुलगी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली. मॅडमनी सांगितलं होतं रोज बसवा, एका दिवसात काही होत नसतं, हे मला कळत होतं. पण तो सडका झुबका तिच्या नाकासमोर होता आणि मला तो बघवेना. बाही वर केली, चिमटा घेतला आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला.

"ही एवढी घाण काढून टाकतो. उद्या नवीन आणतो, छान, हिरवीगार."

झुबका चिमट्यात धरला आणि ओढणार, इतक्यात आवाज आला.

"हात काढा."

मला वाटलं मुलगी. पण ती तर स्वयंपाकघरात होती, तिथे ग्लास पडल्याचा आवाज झाला. मी मान वळवली. बायकोचा डावा हात वर आला होता, बोट काचेच्या तळाशी टेकलं होतं. शब्द जड होता, एका कडेने घसरत बाहेर आला.

"मुळं."

मी वाकून पाहिलं. झुबक्याखाली, काच आणि वाळू यांच्या मधे, दोऱ्यासारखी दोन पांढरी मुळं खाली उतरली होती. काळ्या काडीवर तिळाएवढी दोन पानं होती, कोवळी. रोज त्या काचेपाशी नाक लावून बसत होतो आणि मला ती दिसली नव्हती. माझे डोळे भरून आले, समोरचं सगळं एकमेकांत मिसळलं आणि मी तसाच, कोपरापर्यंत पाण्यात, तिच्याकडे बघत उभा राहिलो.

"अहो," ती म्हणाली, आता चांगलीच वैतागून, "काढा म्हणते ना हात!"