होकायंत्राशेजारचा खलबत्ता

मी एक जुने होकायंत्र आहे. मित्रांनो, तुमच्या फोनमध्ये माझे एखादे धाकटे भावंड असेलच. मी मात्र पितळेचे आहे. काचेच्या घुमटाखाली, तेलात माझी तबकडी तरंगते. उत्तर दिशा दाखवण्यापलीकडे मला काही येत नाही, पण तेवढे काम मी चोख करते.

लव्हाल नावाच्या परदेशी शहरातल्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. उमेदीची वर्षे मी त्याच देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मासेमारी बोटीवर काढली. तिथला म्हातारा कप्तान बाहीने माझी काच पुसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला माझे कौतुक सांगायचा. पुढे पडद्यावर नकाशे दिसू लागले आणि माझी रवानगी कुणाच्या तरी बेसमेंटमधल्या खोक्यात झाली. तिथेही मी उत्तर दाखवतच होते, पण विचारणारे कोणी नव्हते.

मला उजेडात आणले विश्वनाथरावांनी. त्याच देशातल्या रिचमंड हिल या शहरात इंजिनिअर म्हणून जन्म काढलेल्या या गृहस्थांनी निवृत्तीनंतर पश्चिम किनाऱ्यावर शिडाची बोट घेतली आणि सुकाणूपुढे मला बसवले. त्यांच्या पत्नी देवयानीबाईंनी माहेरचा लोखंडी खलबत्ता बोटीवर आणला. आल्याच्या चहाशिवाय दोघांचेही पान हलत नसे.

गेल्या उन्हाळ्यात ती दोघे पॅसिफिकमधल्या एका दूरच्या बेटाकडे निघाली. तिथे मूलनिवासींचे छोटेसे गाव आहे. किनाऱ्यावर उतरण्याआधी पाहुण्याने परवानगी मागावी, अशी त्यांची रीत.

"अहो, रेडिओवर कॉल करून परमिशन घ्या ना," देवयानीबाई म्हणाल्या.

"अगं, समुद्र काय कोणाच्या मालकीचा आहे?"

"समुद्र नसेल, पण गाव त्यांचं आहे. न सांगता शिरतो का आपण कोणाच्या घरात?"

विश्वनाथरावांनी कुरकुरत कॉल केला. गावातल्या मेव्हिस नावाच्या आजीबाईंनी या म्हणून सांगितले.

थोड्या वेळाने लाटा वाढल्या आणि खलबत्ता खाली गडगडू लागला. "जड वस्तू मध्यभागी हवी, बॅलन्स राहतो," असे म्हणत विश्वनाथरावांनी तो टॉवेलात गुंडाळून माझ्या डावीकडच्या कप्प्यात ठेवला, अगदी मला खेटून. मित्रांनो, लोखंड जवळ आले की माझे काही चालत नाही. माझी तबकडी डावीकडे ओढली गेली. नकाशाचा पडदा चालू होता, म्हणून माझ्याकडे कोणाचे लक्षच नव्हते.

मग धुके आले. बोटीचे पुढचे टोकही दिसेना. त्यातच एक लाट आत शिरली, वायरिंग भिजले आणि पडदा, रेडिओ, दोन्ही बंद पडले.

"घाबरू नकोस, कंपास आहे ना," विश्वनाथराव म्हणाले आणि माझ्यावर नजर रोखून बसले. मी दाखवीन तिकडे ते बोट नेत होते आणि मी त्यांना खडकांवर नेत होते. मला ओरडता येत नव्हते. इतकी भीती मला वादळातही कधी वाटली नव्हती.

"अहो, समोर लाटा फुटताहेत!"

"शक्यच नाही. इथे डीप वॉटर आहे."

इतक्यात उजवीकडून ढोल ऐकू आला. संथ, एकसारखा.

"गाव तिकडे आहे! वळवा!"

"कंपास खोटं बोलत नाही, देवयानी."

"माणसं बोलावताहेत हो! ऐका माझं!" त्यांचा आवाज फाटला होता.

विश्वनाथरावांनी माझ्याकडे पाहिले. माझे ऐकू नका, माझे ऐकू नका, असे मी मनात घोकत होते. त्यांनी सुकाणू उजवीकडे फिरवले. डाव्या बाजूने एक काळा खडक इतक्या जवळून गेला की त्याच्यावर फुटलेली लाट माझ्या काचेवर आली.

धक्क्यावर मेव्हिस आजी हातात ढोल घेऊन उभ्या होत्या. तुम्ही विचारलेत म्हणून आम्ही वाट पाहत होतो, एवढेच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांना चहा द्यायचा म्हणून देवयानीबाईंनी खलबत्ता बाहेर काढला आणि माझी तबकडी गर्रकन फिरली. विश्वनाथरावांनी ते पाहिले. खलबत्ता त्यांनी पुन्हा आत ठेवला, पुन्हा बाहेर काढला.

"अगं, तो मीच ठेवला होता," ते म्हणाले. देवयानीबाईंनी त्यांचा हात धरून ठेवला.

आता ते निघण्याआधी माझ्या आजूबाजूचे सगळे कप्पे चाचपून पाहतात. तरी मी धास्तावलेलेच असते. मित्रांनो, आमची काच पुसा, आम्हाला जपा, पण आमच्याशेजारी काय ठेवता तेही बघत जा. कारण चुकीची दिशासुद्धा मी तितक्याच शांतपणे दाखवते.