हात थांबता कामा नये

स्नेहलतागंजातल्या अच्युतराव टेंब्यांना निवृत्तीनंतर लाकडाला पॉलिश करायचं वेड लागलं, आणि वेड लागायला माणूस मुहूर्त थोडाच बघतो. वीज मंडळात सगळी हयात ज्यानं साधा स्क्रूसुद्धा दुसऱ्याच्या हातानं पिळून घेतला, तो गृहस्थ एका सकाळी पोह्यांची बशी अर्धी टाकून परदेशीपुऱ्याच्या बाजारात गेला आणि कागदाच्या पुडीत चपडा लाख, एका बाटलीत स्पिरिट आणि दुसरीत थोडं अळशीचं तेल घेऊन परतला. चपडा म्हणजे मधाच्या रंगाच्या, काचेच्या कपच्यांसारख्या पातळ पापड्या. रात्रभर स्पिरिटमध्ये भिजल्या की सकाळी त्यांचा दाट काढा तयार. कापसाच्या गोळ्यावर मऊ मलमल गुंडाळून पुरचुंडी करायची, ती काढ्यात बुडवायची, वर तेलाचं बोट लावायचं आणि लाकडावर फिरवायची, आधी गोल, मग इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी.

दुकानदारानं पैसे घेताना एवढंच सांगितलं होतं, "बाबूजी, बस एक बात. हाथ चलता रहे. बीच में रुका, कि दाग पड़ा."

अच्युतरावांना हे शास्त्र फार आवडलं. ऑइलपेंटचे थर एकावर एक बसतात, खरवडले की खालचे दिसतात. लाखेचं तसं नाही. वरचा हात खालच्याला विरघळवतो आणि आपल्यात घेतो. शेवटी किती हात झाले ते ब्रह्मदेवालाही वेगळे काढता येत नाहीत. लाकडाची रंध्रं भरत जातात, रेषा बुजत जातात, आणि एक दिवस तिथं लाकूड नसतंच, नुसती चकाकी असते.

मागच्या व्हरांड्यात त्यांनी आधी पाट केले, मग एक चौरंग, मग देवघराची दारं. पण हा सगळा सराव होता. मनात पहिल्यापासून होतं ते नीरजाचं टेबल.

नीरजा त्यांची एकुलती एक मुलगी. तिनं हातोदच्या मंडीतल्या एका आडत्याच्या मुलाशी लग्न केलं, जातीबाहेर आणि बापाला न विचारता. लग्नानंतर दोघं पाया पडायला आली तेव्हा अच्युतराव दारात आडवे उभे राहिले. "हा उंबरा आता तुझा नाही," म्हणाले, आणि दार लावून घेतलं. हातोद म्हणजे काही काशी-रामेश्वर नव्हे. बसमध्ये डुलकी लागायच्या आत येतं. पण अच्युतराव दाढ उपटून देतील, शब्द मागे घेणार नाहीत, अशा घडणीचे. तेव्हापासून हातोद सातासमुद्रापलीकडे गेलं, आणि कुमुदिनीबाई, त्यांची बायको, दुपारचं आवरून झालं की मुलीच्या अभ्यासाच्या टेबलापाशी बसू लागल्या. शाळेत असताना नीरजानं टेबलाच्या कोपऱ्यात कंपासच्या टोकानं आपलं नाव कोरलं होतं. बाई त्या अक्षरांतून तर्जनी फिरवायच्या आणि रडायच्या. आवाज नाही, आरोप नाही. त्या एक वाक्य बोलल्या असत्या तर अच्युतरावांनी दहा परत केली असती. न बोलणाऱ्या रडण्याला काय उत्तर देणार?

"टेबल फार खराब झालंय," एक दिवस ते म्हणाले. "जरा पॉलिश मारतो."

"अक्षरं राहू द्या हं."

"अगं, कंपासनं कोरलंय ते. लाखेनं काय बुजतंय? उलट उठून दिसेल."

ते मनापासूनच म्हणाले होते. लाख रंध्रं भरते, चरे नाही भरत. एवढं त्यांना आता कळत होतं. टेबलाचं काम त्यांनी जीव लावून केलं. पुरचुंडी जहाजासारखी एका कडेनं पृष्ठभागावर यायची आणि दुसऱ्या कडेनं निघून जायची, मध्ये कुठं टेकणं नाही. टेबलात खिडकी दिसू लागली, मग खिडकीबाहेरचा कडुनिंब, मग त्यावरचा कावळा. शेवटच्या हातानंतर त्यांनी लांबून पाहिलं, जवळून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. कोपऱ्यात नाव नव्हतं. नखानं चाचपलं. नख काचेवरून घसरावं तसं घसरलं.

कुमुदिनीबाई आल्या, नेहमीच्या जागी बसल्या. तर्जनी एकदा इकडून तिकडे गेली, एकदा तिकडून इकडे.

"इथंच होतं ना हो?" त्यांनी विचारलं.

अच्युतराव म्हणाले, "दिसेल. वाळलं की दिसेल."

ते दिसलं नाही. बाई त्या दिवशी इतक्या रडल्या की डोकं फुटायची पाळी आली. पण त्याआधी हाताचं सांगायला हवं. पॉलिशवाल्याचा हात सवयीचा गुलाम होतो, हे खरंच. अच्युतरावांचा उजवा हात आता पेपर वाचताना पेपरवर फिरायचा, टीव्ही बघताना गुडघ्यावर. शेजारचा भूषण, वय पन्नाशीचं आणि जीभ सोळा वर्षांची, ओट्यावर बसून शेव खाता खाता म्हणाला, "क्या टेंबेजी, लाकूड संपलं तर हवेलाच पॉलिश मारायला लागलात का? भिया, वहिनींना सांभाळा, एखाद दिवशी त्यांच्या केसांना मारून द्याल!" ओट्यावरचे सगळे हसले. अच्युतराव हसत होते, आणि मांडीवरच्या स्टीलच्या वाटीवर त्यांचा अंगठा फिरत होता. नीरजाच्या बारशाची वाटी. भूषण गेल्यावर ती आत ठेवताना त्यांनी उलटी करून पाहिली. मशीननं ठोकलेलं नाव, तारीख, काहीच नव्हतं. वाटी नवीकोरी दिसत होती.

तर त्या दुपारी कुमुदिनीबाई कपाळ दाबून पडल्या होत्या. अच्युतराव बामची डबी घेऊन उशाशी बसले. बाम लावला आणि हातानं आपली वाट धरली. आधी भुवयांच्या मधोमध लहान लहान गोल, मग या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत आडवा आठ, हलक्या दाबानं, न थांबता.

"किती बरं वाटतंय," बाई म्हणाल्या. बऱ्याच दिवसांत त्या आपणहून काही बोलल्या नव्हत्या. भुवयांमधल्या दोन उभ्या आठ्या, ज्या मुलगी गेल्यापासून झोपेतसुद्धा मोडत नव्हत्या, त्या विरत विरत गेल्या. बाई गाढ झोपल्या. उठल्या त्या गुणगुणत चहाला लागल्या, आणि चहात आलं घातलं. तेही किती दिवसांनी. अच्युतराव कप हातात धरून बसून राहिले. जे बोलून जमत नव्हतं, ते इतकं सोपं होतं तर.

मग रोजचं झालं. जेवणं झाली की बाईच म्हणायच्या, "अहो, जरा हात फिरवता?" टेबलापाशी जाणं सुटलं. रडणं सुटलं. हिवाळा लागला तसा बाईंनी गरम कपड्यांची ट्रंक उन्हात काढली, आणि एक निळा, छातीवर चुण्या घातलेला लहान मुलीचा फ्रॉक हातात घेऊन त्या व्हरांड्यात आल्या.

"हा कुणाचा हो? भूषणच्या नातीला, पूर्वाला होईल का?"

अच्युतरावांना आधी वाटलं, टोमणा आहे. ते हसले. मग त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथं कुठं टोमण्याला जागाच नव्हती. कपाळ असं गुळगुळीत होतं की खिडकीचा उजेड त्यावर पडून परत येत होता. सांगायचं म्हटलं तर मुलीचं नाव सांगावं लागणार. नाव सांगितलं की ती कुठं आहे ते, आणि ती तिथं का आहे तेही. अच्युतरावांनी तोंड उघडलं. बाईंना त्यांच्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे. फ्रॉकवरची बोटं आवळली, भुवयांमध्ये एक बारीक रेघ उमटायला लागली, डोळे भरले. "मला काहीतरी..." त्या म्हणाल्या, "अहो, मला काहीतरी आठवायला..."

हात कपाळावर गेला, असं म्हणणं सोपं आहे. त्यांनी तो नेला.

फ्रॉक पूर्वाला बेताचाच झाला.

आणि मग एका सकाळी मोबाइल वाजला. नंबर अनोळखी होता, आवाज ओळखीचा.

"बाबा, फोन ठेवू नका. मला सातवा लागलाय." नीरजाचा श्वास मोठा येत होता. "आईला तीनदा फोन केला. आई म्हणते, राँग नंबर है बेटा. किती प्रेमानं म्हणते! हे तुम्ही शिकवलंत का तिला?"

अच्युतरावांनी फोन ठेवला नाही.

"इतका राग करतात का हो, बाबा? ठीक आहे. मी रविवारी येतेय. उंबरा तुमचा असेल, आई माझी आहे."

अच्युतराव तसेच उठले आणि स्पिरिटची बाटली घेऊन टेबलाशी गेले. लाखेची थोरवी हीच, की कामात चूक झाली तर स्पिरिटनं सगळं उतरवता येतं आणि मूळ लाकूड पुन्हा हाताला लागतं. त्यांनी फडकं भिजवलं आणि कोपऱ्यापासून सुरुवात केली. चकाकी आधी चिकट झाली, मग तपकिरी होऊन फडक्यावर आली. कडुनिंब गेला, खिडकी गेली. कोरडं, फिकं, उघडं सागवान वर आलं. रेषा होत्या, गाठ होती. नाव नव्हतं. रंधा मारलेला नव्हता, पॉलिशपेपर घासलेला नव्हता, चर भरलेला नव्हता. त्या लाकडावर कधी कुणी काही कोरलंच नव्हतं.

बाटलीत स्पिरिट उरलं होतं. स्वयंपाकघरात कुमुदिनीबाई पाठमोऱ्या उभ्या राहून दाणे कुटत होत्या. अच्युतराव बाईंच्या कपाळाचा विचार करत, फडकं हातात घेऊन दारापर्यंत गेले, आणि ते फडकं त्यांनी मोरीत टाकून दिलं. दुपारी बाई नेहमीसारख्या म्हणाल्या, "अहो, जरा हात फिरवता?" त्यांनी नकारार्थी मान हलवली, समोर बसले, आणि सगळं सांगितलं. आपल्याला मुलगी आहे. नीरजा नाव. तुझ्यासारखी डावखुरी. मी तिला दारातून परत पाठवली. चूक माझी होती. आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं, आणि ते इतक्या सहज आलं की त्यांना स्वतःलाच रडू फुटलं.

कुमुदिनीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांचा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "आपल्याला मूलबाळ नाही, हे तुम्ही अजून इतकं मनाला लावून घेता? मी तर केव्हाच सोडून दिलं बघा."

रविवारी गाडी थांबल्याचा आवाज आला तेव्हा अच्युतराव चप्पल शोधत होते. बाहेर जाऊन गाडीपाशीच मुलीला गाठायचं, आधी समजावून सांगायचं, असा त्यांचा बेत. पण बाईंनी तोवर दार उघडलं होतं.

"आई," नीरजा म्हणाली.

"या ना. कुणाकडे आलात?"

नीरजा आधी हसली. आईनं राग धरलाय, नाटक करतेय, असं तिला वाटलं असावं. मग तिनं आईच्या डोळ्यांत पाहिलं आणि चौकट धरली.

"नीरजा, आत ये," मागून अच्युतराव म्हणाले. "हे घर तुझं आहे. ये, बाळा."

ज्या शब्दांसाठी तीन माणसं इतकी वर्षं झुरली, ते असे बोलले गेले, आणि कुणाचं तिकडे लक्षही गेलं नाही. कुमुदिनीबाईंचं लक्ष पोटाकडे होतं. "अगं बाई! अशा दिवसांत एकटी हिंडतेस? बस, आधी बस." त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, गुळाचा खडा आणि पाणी आणलं, पदरानं वारा घातला. आई लेकीचं करते ते सगळं केलं, फक्त परक्या माणसाचं करावं तितक्या अदबीनं. नीरजा ते बघत होती. गुळाचा खडा तिच्या मुठीत तसाच राहिला आणि अश्रू हनुवटीवरून टपटप पडू लागले.

"काय केलंत तुम्ही हिला?" तिनं बापाला विचारलं.

"त्यांना काय विचारतेस, पोरी? ते बापडे काय करणार कुणाला," बाई म्हणाल्या, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. "रडू नको गं. पोटातल्याला सगळं कळतं. मीसुद्धा मध्यंतरी फार रडायची, म्हणे. का ते आता आठवत नाही. अहो, लांब काय उभे राहिलात? इकडे या. हिचं कपाळ बघा कसं तापलंय, जरा हात फिरवा की. तुझं काय दुखतंय ते त्यांना सांगायचीसुद्धा गरज नाही बघ. डोळे मिट नुसते."

अच्युतरावांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकात एक घट्ट धरले. जाग्यावरून हलायचं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. पाठीमागे डाव्या तळव्यावर उजवा अंगठा फिरायला लागला होता, आधी गोल, हलक्या दाबानं.

"या ना अहो," बाई म्हणाल्या.

नीरजानं मान मागे टेकवली होती आणि डोळे मिटले होते.